पार्सल येईना, पैसे गेले: आधी कार्ड आवरा, मग दुकानदार

इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते: साडेचार हजारांचा मिक्सर 899 रुपयांत, "फक्त आज". कार्डाने पैसे भरले जातात आणि मग आठवडाभर एकच मेसेज येत राहतो, "आपलं पार्सल भिवंडी हबला पोहोचलं आहे." ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला ते पटतं, कारण खऱ्या कंपन्यांची मोठमोठी गोदामंही भिवंडीतच आहेत. तेवढ्या भरवशावर माणूस आणखी चार दिवस थांबतो. ते चार दिवसच महागात पडतात.

अशा वेळी बहुतेक जण दुकानदाराला फोन लावत बसतात. क्रम उलटा हवा. तुमचे 899 गेलेत, ते नुकसान ठरलेलं आहे. पण कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, एका परक्या माणसाकडे राहिलेत, आणि ते नुकसान कुठवर जाईल हे कार्डाच्या लिमिटवर अवलंबून आहे. म्हणून आधी कार्ड, मग मिक्सर.

पहिला अर्धा तास

बँकेचं ॲप उघडा आणि कार्डाच्या विभागात जा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे प्रत्येक कार्डाला ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं यांसाठी वेगवेगळी चालू-बंद बटणं असतात. शिवाय प्रत्येकाची मर्यादा तुम्हाला ठरवता येते.

1. परदेशी व्यवहार बंद करा. बाकी सगळ्याच्या आधी हेच. "ओटीपी तर माझ्याच मोबाइलवर येतो" हा दिलासा भारतातल्या दुकानांपुरता आहे. परदेशातल्या अनेक वेबसाइटी ओटीपी मागतच नाहीत. नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर त्यांचं काम भागतं.

2. ऑनलाइन व्यवहारही बंद करा.

3. मग ठरवा, कार्ड लॉक करायचं की ब्लॉक. लॉक तात्पुरतं असतं, पुन्हा उघडता येतं. ब्लॉक केलं की तो नंबर कायमचा मेला, नवं कार्ड नव्या नंबराचं येतं. दुकान नुसतं ढिसाळ वाटत असेल तर लॉक पुरे. साइटच खोटी असल्याचा संशय असेल तर सरळ ब्लॉक करा, कारण लॉक केलेलं कार्ड सहा महिन्यांनी उघडलंत तरी चोरलेला नंबर तसाच चालतो. नव्या कार्डाचे शंभर-दोनशे रुपये लागले तर लागू देत.

4. ॲपमध्ये कार्डावरचे ऑटोपे म्हणजे ई-मँडेट पाहा. ओळखीचं नसेल ते रद्द करा. एकदा मंजूर झालेल्या मँडेटवर 15,000 रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी ओटीपीशिवाय होऊ शकते. आदल्या दिवशी मेसेज येतो, पण तो कोण वाचतं? कार्ड ब्लॉक केलंत तर त्यावर लावलेली तुमची स्वतःची बिलंही थांबतील. वीज, मोबाइल, विम्याचा हप्ता यांची यादी आधी काढून ठेवा.

ब्लॉक केल्यावर येणारा एसएमएस पुसू नका. त्यातला तक्रार क्रमांक आणि वेळ पुढे उपयोगी पडते. ॲप चालत नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करा. गुगलवर "अमुक बँक कस्टमर केअर" शोधून मिळालेल्या नंबरावर नाही, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. वेबसाइट बघायची असेल तर पत्ता "डॉट बँक डॉट इन"ने संपतो का ते पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत या पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

दुकानदाराने "ऑर्डर ट्रॅक करायला" एखादी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं असेल, तर वरची कुठलीही कृती त्या मोबाइलवरून करू नका. तो फ्लाइट मोडवर टाका, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नाहीतर नवा पासवर्ड टाइप करताना समोरचा तो बघत असतो. आणि त्या साइटवर खातं उघडताना ई-मेलचाच पासवर्ड वापरला असेल तर तो आजच बदला.

डेबिट कार्ड वापरलं असेल तर घाई दुप्पट करा. क्रेडिट कार्डावर वाद घातला तर पैसे बँकेचे अडकलेले असतात. डेबिटवर तुमचा पगार अडकतो.

तीन दिवसांचा हिशेब

तुम्ही न केलेला व्यवहार स्टेटमेंटवर दिसला तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातले दिवस लक्षात ठेवा. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेतून माहिती फुटली, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर साध्या बचत खात्यावर आणि 5 लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डावर तुमच्या वाट्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये येतात. त्याहून मोठ्या लिमिटच्या कार्डावर 25,000. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण काय म्हणतं ते.

ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणूनच फोन केल्याची वेळ जपायची. "साहेब, मी सव्वाअकराला सांगितलं होतं" हे नुसतं बोलून चालत नाही, तक्रार क्रमांक लागतो.

ओटीपीच्या मेसेजाबद्दल थोडं. त्यात सहा आकड्यांबरोबर रक्कम आणि दुकानाचं नाव असतं. आपण फक्त आकडे बघतो. रक्कम 899 ऐवजी 8,990 आहे का, हे बघायला दोन सेकंद लागतात. नाव मात्र वेगळं दिसलं तर लगेच घाबरू नका, कित्येक छोट्या दुकानांच्या व्यवहारात पेमेंट गेटवेचं, म्हणजे त्यांच्यासाठी पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीचं, नाव येतं.

दुकानदार चोर आहे की नुसता गचाळ?

हे कळलं की पुढचा रस्ता ठरतो. गचाळ दुकानदाराकडून ग्राहक हेल्पलाइनमार्फत पैसे निघू शकतात. चोराकडे तक्रार पाठवून काहीच होत नाही, तिथे पोलीस आणि बँक.

साइटच्या तळाशी जा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे दुकानाचं कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पद दिसायलाच हवं. नुसता व्हॉट्सॲप नंबर आणि एक जीमेल असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

जीएसटी नंबर दिला असेल तर तो वाचायला शिका. एकूण 15 अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. त्यातलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, पी असेल तर एकटी व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. साइटवर "प्रायव्हेट लिमिटेड" लिहिलंय आणि सहावं अक्षर पी आहे, तर गडबड आहे. पत्ता वागळे इस्टेटचा आणि सुरुवात 07 ने, म्हणजे दिल्लीच्या नोंदणीने, तरी विचारायला हवं. मग जीएसटीच्या पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर"मध्ये नंबर टाका, लॉगिन लागत नाही. नाव, नोंदणीची तारीख, आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे समोर येतं. नंबर खरा पण दुसऱ्याच कुणाचा उचललेला, हा प्रकार सर्रास चालतो. तेव्हा नाव जुळतंय का ते बघा, नंबर सापडला एवढ्यावर समाधान मानू नका.

आपल्या भागाचा एक फायदा आहे. पत्ता टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला, म्हणजे रबाळे-महापे-तुर्भ्याचा, किंवा वागळे इस्टेटचा असेल, तर गाळा खरंच आहे की नाही हे बघून येता येतं. निदान पिनकोड तरी ताडून पाहा: वाशीचा 400703, वागळे इस्टेटचा 400604. प्लॉट नंबर, गाळा नंबर नसलेला "टीटीसी इंडस्ट्रियल एरिया, नवी मुंबई" हा पत्ता नव्हे, तो तालुका झाला. जायचंच असेल तर दिवसा, कुणाला तरी सोबत घेऊन, आणि फक्त बघायला. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, किती जुनं आहे हे "हू इज" शोधावर कळतं. "1998 पासून आपल्या सेवेत" म्हणणाऱ्या साइटचं डोमेन गेल्या महिन्यातलं निघालं, तर आणखी तपास करू नका.

बँकेकडे वाद: इथेच बहुतेकांचं चुकतं

पैसे कार्डाने भरलेत आणि वस्तू आली नाही, तर बँकेकडे डिस्प्यूट नोंदवून चार्जबॅक मागता येतो. म्हणजे तुमची बँक कार्ड नेटवर्कमार्फत (व्हिसा, रुपे वगैरे) दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागते.

फॉर्ममध्ये कारण निवडायचं असतं. रागाच्या भरात लोक "हा व्यवहार मी केलेला नाही" यावर टिचकी मारतात. बँक नोंद बघते, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेलेला, बरोबर टाकलेला. तक्रार फेटाळली. पुन्हा खरं कारण सांगायला गेलात तर तुम्हीच आधी वेगळं बोलला होतात, हे कागदावर आलेलं असतं. तुम्ही स्वतः पैसे भरले असतील तर कारण "वस्तू मिळाली नाही" किंवा "वस्तू वर्णनाप्रमाणे नाही" हेच. "मी केलेला नाही" हे फक्त त्या व्यवहारांसाठी, जे नंतर कुणी परस्पर केले. एकाच स्टेटमेंटवर दोन्ही प्रकार असतील तर दोन वेगळ्या तक्रारी करा.

मजकूर कोरडा ठेवा. असा:

"ऑर्डर क्रमांक अमुकसाठी दि. 4 रोजी ₹899 भरले. व्यवहार मी स्वतः केला. दुकानदाराने दि. 11 पर्यंत वस्तू देण्याचं लिहिलं होतं, स्क्रीनशॉट 2. वस्तू मिळाली नाही. दि. 12 आणि 16 ला ई-मेल केला, उत्तर नाही, स्क्रीनशॉट 3 व 4. चार्जबॅकची प्रक्रिया सुरू करून रक्कम परत मिळावी."

फसवलं, लुटलं, बघून घेईन, यातलं काही नको. वाचणाऱ्याला तारखा हव्या असतात. दुकानदाराला लेखी विचारल्याचा पुरावा मात्र हवाच, तो नसेल तर बँक आधी तेच करायला सांगते. फोनवर बोललेलं धरत नाहीत, म्हणून फोन झाला तरी मागोमाग ई-मेल टाका. आणि स्क्रीनशॉट आजच काढा: वस्तूचं पान, किंमत, परतीचा नियम, ऑर्डरची पावती, वर वेबसाइटचा पत्ता दिसेल असे. या साइटी एका रात्रीत गायब होतात.

मुदत नेटवर्कच्या नियमांत साधारण 120 दिवसांची असते, पण तुमची बँक त्याआधीचीच तारीख देऊ शकते. दुकानदार "अजून आठवडा थांबा" म्हणत हेच दिवस खातो. कबूल केलेली तारीख उलटली, दोन ई-मेलना उत्तर नाही, की डिस्प्यूट टाका. क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दलच्या तक्रारीवर बँकेने 30 दिवसांत खुलासा द्यायचा असतो. तोवर बाकीचं बिल वेळेवर भरा, आणि वादातल्या रकमेचं काय करायचं ते बँकेला लेखी विचारा. सगळंच बिल थकवलंत तर व्याज तुमच्याच डोक्यावर बसतं.

आता एक युक्ती, जी सराईत ठगच वापरतात. मिक्सरऐवजी ते एक पाकीट पाठवतात, आत पाच रुपयांचा हातरुमाल. कुरिअरच्या नोंदीत "डिलिव्हर्ड" आलं की चार्जबॅकला तेच उत्तर म्हणून पुढे करतात. म्हणून पार्सल उघडण्याआधी लेबलाचा फोटो घ्या. लेबलावर बऱ्याचदा वजन छापलेलं असतं. चार किलोच्या मिक्सरच्या पार्सलवर 0.1 किलो लिहिलं असेल तर त्याहून बोलका पुरावा नाही. उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, चारही बाजू आणि टेप दाखवून. "डिलिव्हर्ड" दिसतंय पण घरी काहीच आलेलं नाही, असं असेल तर सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो लावा.

"रिफंड केलाय, बँकेत बघा" असं दुकानदार म्हणाला, तर एआरएन मागा. कार्डावरच्या परताव्याला 23 आकडी एआरएन असतो, बँक तो शोधू शकते. यूपीआयचा असेल तर 12 आकडी संदर्भ क्रमांक. नंबर देता येत नसेल तर रिफंड झालेला नाही.

यूपीआयने पैसे भरले असतील तर ॲपमध्ये तक्रार नोंदवाच, पण वस्तू आली नाही या कारणासाठी कार्डाइतका भक्कम दावा तिथे चालत नाही. मग 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

1930 आणि पोलीस

साइट खोटी आहे असं दिसलं की 1930 वर फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम आणि तुमच्या बँकेचं नाव समोर घेऊन बसा. या यंत्रणेतून पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येतं, पण पैसे तिथे असतील तरच. ते तासाभरात पुढच्या चार खात्यांत फिरतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या फोनला जी किंमत आहे ती चौथ्या दिवशी उरत नाही. गोठवलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत, काही वेळा कोर्टाचा आदेशही लागतो. पोचपावतीचा क्रमांक जपा.

हद्दीचा घोळ आपल्याकडे फार होतो. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर जिल्ह्याने ठाणे, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. खारघर, कामोठे, पनवेल जिल्ह्याने रायगड, पोलीस तरीही नवी मुंबईचे. डोंबिवली, कल्याण, भिवंडी ठाणे आयुक्तालयात. मीरा रोड ठाणे जिल्ह्यात, पण आयुक्तालय मीरा-भाईंदर, वसई-विरारचं. "ही आमची हद्द नाही" असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआरचा उल्लेख करा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे.

ग्राहक हेल्पलाइन आणि आयोग

दुकान खरं आहे पण पैसे अडवून बसलंय, तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. हे कोर्ट नव्हे, ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात. नाव असलेल्या कंपन्या याला दाद देतात, फुटकळ साइटी देत नाहीत. त्याआधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या टाकता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. दुकान सुरतेत असलं तरी तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार चालते. नवी मुंबईच्या ठाणे जिल्ह्यातल्या भागासाठी ठाण्याचा अतिरिक्त आयोग सीबीडी बेलापूरला आहे. खारघर-पनवेलवाल्यांचा जिल्हा रायगड, म्हणजे अलिबाग. पण नोकरी वाशीत असेल तर तो आधार वापरता येतो. 899 रुपयांसाठी हे सगळं करावं का? आमच्या मते नाही. 20-25 हजारांच्या फ्रिजसाठी जरूर करा.

बँकच दाद देत नसेल तर 30 दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार त्यांच्या सीएमएस पोर्टलवर नोंदवता येते, माहितीसाठी 14448. बँकेकडे आधी लेखी तक्रार केली नसेल तर तिथे दारातच अडकाल.

दुसरी फसवणूक पहिलीच्या मागोमाग येते

तुम्ही सोशल मीडियावर कंपनीच्या नावाने तक्रार लिहिलीत की तासाभरात कुणीतरी "रिफंड विभागातून" फोन करतो. ऑर्डर क्रमांक त्याला ठाऊक असतो, कारण तो तुम्हीच लिहिलेला असतो. मग तो क्यूआर कोड पाठवतो किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. कुणी स्टार चारशे एकपासून सुरू होणारा नंबर डायल करायला लावला तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवले जातात, आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जातो. चुकून केलाच असेल तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश डायल करून ते वळण बंद करा. "फी भरा, तुमचे पैसे वसूल करून देतो" म्हणणारे एजंटही त्याच टोळीतले समजा.

पुढच्या ऑर्डरीआधी

ऑनलाइन खरेदीसाठी एकच कार्ड ठेवा, त्याची ऑनलाइन मर्यादा 2,000 वर, परदेशी बटण कायम बंद. मोठी खरेदी असेल तेव्हा दहा मिनिटांसाठी मर्यादा वाढवायची, मग पुन्हा खाली. काही बँकांच्या ॲपमध्ये एकदाच चालणारं व्हर्च्युअल कार्ड मिळतं, असेल तर अनोळखी साइटला तेच द्या. 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतातल्या दुकानांना तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्यांच्याकडे फक्त टोकन राहतं. पण हा नियम पाळणाऱ्या दुकानाला. खोट्या पानावर तुम्ही टाइप केलेला आकडा थेट ठगाच्या वहीत उतरतो. कार्ड नंबर, सीव्हीव्ही आणि एटीएम पिन तिन्ही एकाच पानावर मागितले तर तिथेच पान बंद करा.

कॅश ऑन डिलिव्हरीने कार्ड वाचतं, पैसे वाचतीलच असं नाही. खोकं उघडण्याआधी रोख द्यावी लागते आणि कुरिअरवाला परत घेत नाही, त्याच्या हातात ते नसतंच. न मागवलेली सीओडी पार्सलंही येतात. घरी आजी-आजोबा असतात, "पोराने मागवलं असेल" म्हणून 699 देऊन मोकळे होतात. घरातल्यांना आणि गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवा, आधी फोन करून विचारल्याशिवाय कुठल्याही पार्सलचे पैसे द्यायचे नाहीत.